सेंड-ऑफ, दीक्षान्त आणि ड्रेसकोड: ट्रान्स विद्यार्थी आणि त्यांच्या घरच्यांकडून सारखे येणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की मेसेज सुरू होतात. दहावी-बारावीचे सेंड-ऑफ जवळ आलेले असतात, वर्गाच्या ग्रुपवर 'मुली साडी, मुलं कुर्ता' असं पडलेलं असतं आणि कुणीतरी रात्री साडेअकराला विचारतं, दादा मी काय करू. आम्ही पुण्यातले चार-पाच जण ही उत्तरं देतो आणि तीच तीच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, आणि माझ्या स्वतःच्या सेंड-ऑफच्या ग्रुप फोटोत मी नाहीये कारण फोटो निघाला तेव्हा मी आईच्या मोरपंखी साडीत सायकल स्टँडच्या मागे बसून खांद्यावरच्या पिना मोजत होतो. अकरा होत्या.

१. "मुली साडी, मुलं शर्ट-पँट" हा नियम नक्की कुणाचा असतो? बोर्डाचा?

नाही. सेंड-ऑफ हा बोर्डाचा कार्यक्रमच नाही, तो शाळेचा घरगुती कार्यक्रम. नववीची मुलं पैसे जमवतात, दोन शिक्षिका लक्ष घालतात आणि मॉनिटर ग्रुपवर मेसेज टाकतो. आमच्याकडे आलेल्या बहुतेक केसमध्ये 'नियम' म्हणजे तो मेसेजच निघाला. म्हणून पहिलं काम हे की शांतपणे विचारा, हे नोटिशीत आहे का, सही कुणाची आहे? अर्ध्या वेळा उत्तर येतं "अगं असंच, दरवर्षी असतं म्हणून", आणि दरवर्षी असतं त्याला प्रथा म्हणतात, ती बदलायला ट्रस्टींची मीटिंग लागत नाही. नोटीस खरंच सहीची असेल तर प्रश्न ८ वाचा.

२. मग शाळेला ड्रेसकोड ठेवायचा अधिकारच नाही असं म्हणू का?

असं म्हणू नका, हरायची ती पक्की वाट आहे. ड्रेसकोड ठेवण्याचा संस्थेचा अधिकार कोर्टांनी बऱ्यापैकी मानलेला आहे. चेंबूरच्या एका कॉलेजच्या ड्रेसकोडविरुद्धची मुलींची याचिका मुंबई हायकोर्टाने जून २०२४ मध्ये फेटाळली, मग ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सर्क्युलरमधल्या हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. म्हणजे मामला अजून एका बाजूला झुकलेला नाही. तुमचं भांडण ड्रेसकोड असावा की नसावा हे नाहीच. तुमचं म्हणणं एवढंच, की यादी करा, नीटनेटकं काय ते ठरवा, पण त्या यादीचे मुलांचा आणि मुलींचा असे दोन तुकडे करू नका, किंवा केलेच तर मी कुठल्या तुकड्यात आहे ते मला सांगू द्या. हे मागणं छोटं आहे आणि म्हणूनच मान्य व्हायची शक्यता जास्त.

३. कायद्यात नक्की काय आहे? सर विचारतात, मला सांगता येत नाही.

तीन गोष्टी पाठ करा. पहिली, १५ एप्रिल २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल (नालसा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, ती केस त्यांच्या नावाने ओळखली जाते). त्यात कोर्टाने म्हटलंय की आपला लिंगभाव काय ते माणूस स्वतः ठरवतो, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येत नाही, आणि कपडे, बोलणं, वागणं यांतून तो व्यक्त करणं हे राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. कपड्यांचा उल्लेख तिथे आहे, हे सरांना मुद्दाम सांगा. दुसरी, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याचं कलम ३ शिक्षण संस्थेत प्रवेश नाकारायला, शिक्षण बंद पाडायला आणि अन्यायाची वागणूक द्यायला मनाई करतं, कलम १३ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थेने भेदभाव न करता सर्वांना सामावून घेणारं शिक्षण द्यायचं. तिसरी, त्याच कायद्याचे २०२० चे नियम, ज्यांत तक्रारीची व्यवस्था आहे, ती प्रश्न १७ मध्ये.

आता खरं तेही सांगतो. 'सेंड-ऑफला ट्रान्स मुलीने साडी नेसली तर चालेल' असं वाक्य कुठल्याच कायद्यात नाही. कलम ३ मोडलं म्हणून थेट अमुक शिक्षा असंही तिथे लिहिलेलं नाही. म्हणजे हातात आहे तो तर्क आहे, चांगला तर्क आहे, पण हातोडा नाही, त्यामुळे तो आपटू नका, नीट मांडा.

४. आमची शाळा प्रायव्हेट आहे, विनाअनुदानित. मॅडम म्हणाल्या घटना-बिटना सरकारी शाळेला.

मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचे असतात, एवढ्यापुरता मॅडमचा मुद्दा आहे. पण २०१९ चा कायदा 'कुठलीही व्यक्ती किंवा आस्थापना' असं म्हणतो, त्यात ट्रस्ट, सोसायटी, कंपनी सगळे आले. स्टेट बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई यानेही फरक पडत नाही.

५. माझ्याकडे ट्रान्सजेंडर सर्टिफिकेट नाही. ते नसेल तर मला काही हक्कच नाही का?

भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमात 'सर्टिफिकेट असेल तरच' अशी अट नाही. सर्टिफिकेट लागतं ते कागदपत्रांवर नाव आणि लिंग बदलायला. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काय घालायचं यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा कागद मागणं म्हणजे चहा प्यायला रेशनकार्ड मागण्यासारखं आहे, आणि हे अगदी असंच नाही पण जरा गोड शब्दांत शाळेला सांगता येतं.

६. तरी काढायचंच असेल तर कुठे जायचं? कलेक्टर ऑफिसला रांग लावू का?

अर्ज ऑनलाइन, नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्स म्हणून केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं पोर्टल आहे. २०२० च्या नियमांची मांडणी अशी होती की अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, शारीरिक तपासणी नाही, आणि अर्ज पूर्ण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. १८ च्या आतल्यांसाठी अर्ज आई-वडील किंवा पालक करतात. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका, अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचे चालू नियम वाचा. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आधी हे बघा की अर्ज गावच्या जिल्ह्यातून करायचा की पुण्यातून, कारण पत्त्याच्या कागदावरून अडकलेले अर्ज आम्ही बरेच बघितलेत.

७. मी सोळा वर्षांचा आहे, घरी कुणालाच माहीत नाही. शाळेत बोललो तर घरी कळेल का?

कळू शकतं. याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. शाळेची पहिली सवय पालकांना फोन लावायची असते आणि 'कुणाला सांगू नका' म्हटल्यावर शिक्षिका तसंच वागतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून आधी हिशोब करा, घरी कळलं तर काय होईल? नुसती आदळआपट, की शाळा बंद, की मारहाण? शेवटच्या दोनची भीती असेल तर यावर्षी 'ट्रान्स' हा शब्दच मध्ये आणू नका. "मला साडी सांभाळता येत नाही, फॉर्मल शर्ट-पँट चालेल का" हे कुठलीही दहावीची पोरगी विचारू शकते आणि विचारतेच. ही पळवाट आहे, मान्य आहे, पण पळवाटेने सुखरूप बाहेर पडलेली पोरं मला माहीत आहेत.

घरात जिवाला धोका वाटला तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खाली गेलं असेल तर टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट, मराठीत बोलता येतं. सेंड-ऑफ एक संध्याकाळ आहे. ती बुडाली तर वाईट वाटतं, मला अजून वाटतं, पण त्यासाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावू नका.

८. शाळेशी बोलायचं कसं? अर्ज लिहू की तोंडी?

आधी तोंडी, मग लेखी, आणि दोन्ही निदान तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी गेलात तर चांगल्या मनाचे मुख्याध्यापकसुद्धा घाबरून 'नाही' म्हणतात, कारण नाही म्हणणं सोपं असतं.

वर्गशिक्षिका तुमच्या बाजूने असतील तर त्यांच्याकडून सुरुवात करा, नसतील तर ज्या शिक्षकांशी तुमचं जमतं ते, मग ते चित्रकलेचे का असेनात. स्टाफरूममध्ये बोलू नका, तिथे भिंतींना कान नाहीत, खुर्च्यांना आहेत. ट्रान्स म्हणजे काय हे समजावत बसायची गरज नाही, त्यांनी विचारलं तर सांगा. मागणं एका वाक्यात बसलं पाहिजे.

अर्ज असा चालतो: "माननीय मुख्याध्यापक यांस, निरोप समारंभासाठी मुले आणि मुली यांचे पोशाख वेगवेगळे ठरवले आहेत. मी ट्रान्स मुलगी आहे. ठरलेल्या पोशाखांपैकी साडी नेसून येण्याची परवानगी मिळावी. नालसा निकाल (२०१४) आणि २०१९ चा कायदा, कलम ३ व १३ यांनुसार ही विनंती करत आहे. परवानगी नाकारायची असल्यास कारण कृपया लेखी कळवावे." बास. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि आवक नंबर घ्या. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण तोंडी 'नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा हात ते लिहून द्यायची वेळ आली की थांबतो.

एक चूक मीच एकाला करायला लावली होती. आठ पानी अर्ज, निकालाचे परिच्छेद, परदेशातली उदाहरणं. मुख्याध्यापकांनी तो थेट संस्थेच्या वकिलाकडे पाठवला, वकील गावाला गेलेले, तोवर सेंड-ऑफ होऊन गेला.

९. मी आई आहे. मुलगी म्हणते मी मुलगा आहे, सेंड-ऑफला सूट पाहिजे. हे वय असतंच ना असं, मग मी एवढं मनावर घ्यावं का?

ताई, तुम्ही विचारताय म्हणजे मनावर घेतलंच आहे. पुढे काय होईल याचा निकाल तुम्हाला आज लावायचा नाहीये. शर्ट-पँट आणि ब्लेझर घातल्याने शरीरात काहीही बदलत नाही, आवडलं नाही तर उद्या कपाटात जाईल. उलट न ऐकल्याची आठवण कपाटात जात नाही.

शाळेत मात्र तुम्हीच जा, तुमच्या सहीचा अर्ज पोरांच्या अर्जापेक्षा दहापट वेगाने हलतो. बाबांना किंवा आजीला काय सांगायचं तो तुमच्या घरचा प्रश्न, पण मुलाला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरकडे न्यायचंच असेल तर 'हे बरं करा' म्हणून नेऊ नका, बोलायला कुणीतरी मिळावं म्हणून न्या. पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ पासून या विषयांवर काम केलंय, तिथे पालकही जाऊन बोललेले आहेत.

१०. शाळा म्हणते आमची हरकत नाही हो, पण बाकीचे पालक गोंधळ घालतील.

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. विचारा, किती पालकांनी लेखी हरकत घेतली? आमच्या अनुभवात आकडा शून्य असतो किंवा एक, आणि तो एक ट्रस्टींचा मेहुणा असतो.

पुण्यात यावर एक साधं उत्तर आहे. याच शाळेच्या पोरी गणपतीत ढोल-ताशा पथकात पांढरा कुर्ता, पायजमा आणि फेटा घालून लक्ष्मी रोडवर ढोल बडवतात, पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून बुलेट चालवतात, आणि हेच पालक त्यांचे फोटो स्टेटसला ठेवतात. तेव्हा पुरुषाचा पोशाख कुणाला बोचत नाही. हे ट्रान्स मुलांच्या बाजूने छान लागू पडतं. ट्रान्स मुलींसाठी कमी, कारण मुलीने पँट घातली तर कौतुक आणि मुलाने साडी नेसली तर हसू हा आपला जुना रोग आहे. तिथे लोक बालगंधर्वांचं उदाहरण देतात, मी देत नाही. ते रंगमंचावर भूमिका करत होते, आणि तुमची मुलगी भूमिका करत नाहीये, हेच तर आपल्याला सांगायचंय.

११. सर म्हणाले, "एवढं आहे तर येऊ नकोस, सेंड-ऑफ काय कंपलसरी आहे?"

हेच उत्तर अमेरिकेत कोर्टात दिलं गेलंय म्हणून सांगतो. मे २०२३, मिसिसिपी राज्यातलं गल्फपोर्ट. तिथल्या हायस्कूलचा ग्रॅज्युएशनचा नियम होता, मुलींनी पांढरा ड्रेस आणि मुलांनी पांढरा शर्ट, काळी पँट. एका ट्रान्स मुलीला मुलांचे कपडे घालून ये असं सांगण्यात आलं. ती चार वर्षं मुलगी म्हणूनच शाळेत वावरली होती, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, ड्रेस घालून गेली होती. घरच्यांनी केस केली, शाळेच्या बाजूने युक्तिवाद हाच की समारंभाला येणं ऐच्छिक आहे, तो काही घटनेने दिलेला हक्क नाही. समारंभाच्या आदल्या रात्री न्यायाधीशांनी हस्तक्षेपाला नकार दिला आणि ती गेली नाही. पण त्याच देशात जून २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका चार्टर शाळेने (सरकारी पैशाने पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणारी शाळा) मुलींना स्कर्टची सक्ती केली होती ती अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. म्हणजे तिथेही एकच एक उत्तर नाही, आणि तिथले निकाल इथे बंधनकारकही नाहीत.

आपल्याकडे कलम ३ ची भाषा शिक्षण संस्था 'आणि तिच्या सेवा' अशी आहे. शाळेच्या आवारात, शाळेच्या पैशाने, शाळेच्या बॅनरखाली होणारा कार्यक्रम ऐच्छिक असला तरी शाळेचाच. वर्गाची सहलही ऐच्छिक असते, म्हणून जातीवरून एखाद्याला बसमधून उतरवता येतं का? हा प्रश्न सरांना विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं महत्त्वाचं.

१२. मी ट्रान्स आहे का ते मलाच माहीत नाही, मला फक्त साडी नकोय. किंवा: मी ना मुलगा ना मुलगी, मी काय घालू?

दोन्ही मेसेज आलेत, उत्तर एकच. नाव शोधायची घाई नाही, कपडे निवडायला नाव लागत नाही. नालसा निकाल स्वतःची ओळख पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी म्हणून सांगायला जागा देतो, आणि लांब कुर्ता, खालून चुडीदार किंवा पँट आणि वरून जॅकेट हा पोशाख पुण्यातल्या कुठल्याही लग्नात कोणत्याही माणसाच्या अंगावर दिसतो. साडी नको म्हणणाऱ्या मुलींचा तर ढीग असतो, त्यांना सोबत घ्या. एकाऐवजी सहा जणींचा अर्ज गेला की तो 'त्या एकाचा प्रॉब्लेम' राहत नाही.

१३. परवानगी मिळाली पण कपड्यांचं काय? दुकानात लाज वाटते.

हा माझा आवडता प्रश्न. ट्रान्स मुलींनी साडी उसनी घ्या, ब्लाऊजवर खर्च करा, कारण साडी कुणालाही बसते, ब्लाऊज बसत नाही. खांदे रुंद असतात म्हणून तयार ब्लाऊज काखेत काचतो, तेव्हा स्ट्रेचेबल घ्या किंवा शिवून घ्या आणि शिंप्याला आत दोन इंच माया ठेवायला सांगा. तुळशीबागेत शनिवार-रविवारी जाऊ नका, मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, गर्दी नसली की दुकानदाराला वेळ असतो आणि त्याला फक्त माप कळतं, बाकी त्याला काही देणंघेणं नसतं. नेसायचा सराव चार वेळा करा, त्यातला एकदा जिना चढून-उतरून. निऱ्यांना पिन परकरासकट लावा. ज्या मावशी आमच्या मुलींकडून सराव करून घेतात त्या मला म्हणतात, "साडी घसरत नाही रे, भीती घसरवते." मी म्हणतो पिन लावा.

ट्रान्स मुलांनी शर्टाचं माप खांद्यावरून घ्या, छातीवरून घेतलं तर खांदे लोंबतात आणि दादाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नका, कधीच नाही, ती आवळत जाते आणि श्वास अडतो, बरगड्यांना इजा होते. नीट मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून मिळणारं घट्ट अंतर्वस्त्र) असेल तर तोही आठ तासांच्या वर नाही आणि तो घालून नाचायचं नाही. नाही तर आतून घट्ट बनियन आणि वरून जॅकेट, काम होतं.

१४. कॉलेजच्या दीक्षान्त समारंभात तर सगळ्यांना एकच गाऊन असतो, मग प्रश्न येतोच कुठे?

येतो, गाऊनच्या आतून. काही ठिकाणी पत्रकात 'विद्यार्थिनींनी साडी किंवा सलवार-कुर्ता, विद्यार्थ्यांनी कुर्ता-पायजमा' असं असतं. दीक्षान्ताचे कपडे काही दगडावरची रेघ नाहीत हे लक्षात ठेवा. यूजीसीने २०१९ मध्ये समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करा म्हणून विद्यापीठांना कळवलं, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये काळे झगे बदलायला सांगितलं, आणि आपल्या पुणे विद्यापीठात २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून घोषणाबाजी झाली ती पुणेकरांना आठवत असेल. डोक्यावर काय ठेवायचं यावर एवढं रान पेटवणाऱ्या शहराला कपड्यांत माणसाची ओळख असते हे समजावून सांगावं लागू नये.

१५. स्टेजवर जुनं नाव पुकारलं तर? मला कपड्यांपेक्षा त्याचीच भीती आहे.

पुकारायचं नाव आणि पदवीवर छापायचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथेच सगळे घोळ घालतात. छापील नाव आधीच्या मार्कशीटप्रमाणे येतं, ते बदलायला राजपत्रातली नोंद, प्रश्न ६ मधलं प्रमाणपत्र, मग बोर्ड, मग विद्यापीठ असा लांब प्रवास आहे. २०२० च्या नियमांच्या परिशिष्टात शाळा-बोर्ड-विद्यापीठाच्या प्रमाणपत्रांचा उल्लेख आहे, म्हणजे 'आमच्याकडे अशी सोयच नाही' हे उत्तर चालत नाही, पण सुरुवात वर्षभर आधी करा.

पुकारायचं नाव मात्र एका माणसाच्या हातातल्या कागदावर असतं. सूत्रसंचालक कोण ते शोधा, विभागप्रमुखांना ईमेल करा की फक्त आडनाव किंवा आद्याक्षर पुकारा. हे करायला कुठल्याच ठरावाची गरज नसते. आमच्या ओळखीतल्या एकीचं काम दीक्षान्ताच्या सकाळी पेनने एक ओळ खोडून झालं.

१६. परवानगी घेऊनसुद्धा गेटवर अडवलं तर काय करायचं? आणि टॉयलेटचं काय?

शिक्का मारलेली अर्जाची प्रत आणि परवानगीचा मेसेज फोनमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवा, गेटवरच्या काकांशी वाद घालू नका, त्यांना कुणीच काही सांगितलेलं नसतं. ज्या शिक्षिकेने हो म्हटलं त्यांना फोन लावा. सोबत एक मैत्रीण किंवा मित्र आधीच ठरवून ठेवा, एकटे गेटवर पोचू नका. कुणी कपडे चाचपायला किंवा 'आत काय घातलंय दाखव' म्हणायला लागलं तर तिथून निघा आणि पालकांना बोलवा, तो ड्रेसकोड नाही, ती पोलिसांत जाण्यासारखी गोष्ट आहे.

टॉयलेटचं आधी ठरवा, स्टाफचं किंवा अपंगांसाठीचं वापरायची परवानगी अर्जातच मागून टाका. दिवसभर पाणी न पिणारी पोरं मी बघितलीत, साडी नेसून चक्कर येते.

१७. तक्रार कुठे करायची? आणि कुणी फोटो काढून खिल्ली उडवली तर?

पायरीपायरीने. २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो, आणि २०२० च्या नियमांत शिक्षण संस्थेत त्रास किंवा भेदभाव झाला तर दाद मागायला समिती असावी असंही आहे. तुमच्या शाळेत दोन्ही नसतील, तरी 'तक्रार अधिकारी कोण आहेत ते कळवावे' असा अर्ज द्या, त्यानेच धावपळ सुरू होते. मग शाळांसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, कॉलेजसाठी प्राचार्य आणि विद्यापीठ. फुकट वकील हवा असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

खिल्लीचं म्हणाल तर कॉलेजमध्ये ते सरळ रॅगिंग ठरू शकतं. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लिंगभाव, त्यात ट्रान्सजेंडर असणं, लैंगिक कल आणि दिसणं यांवरून केलेला छळ आणि वाळीत टाकणं हे स्पष्ट घातलंय. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. शाळेत आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं. आणि शारीरिक, शाब्दिक, भावनिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आणि दंड आहे. फोटो फिरत असेल तर डिलीट करा म्हणायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, नंतर पुरावा राहत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेच्या केसमध्ये हा कायदा आणि नियम कागदावरच राहिले म्हणून सरकारांना सुनावलंय. तक्रारीत तो उल्लेख करा, अधिकारी दुसऱ्यांदा वाचतात.

१८. सरकारची शाळांसाठी काही गाईडलाइन नाही का?

होती होती म्हणेपर्यंत गेली. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल एक मॅन्युअल काढलं, त्यात सगळ्यांना चालेल असा युनिफॉर्म, टॉयलेट वगैरे होतं, आक्षेप आल्यावर थोड्याच दिवसांत ते वेबसाइटवरून काढलं. म्हणून त्याचा आधार देऊ नका. केरळचं उदाहरण द्या, तिथे वलयनचिरंगराच्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखाच शर्ट आणि थ्री-फोर्थ असा युनिफॉर्म केलाय, आणि सरकारी शाळा आहे म्हटल्यावर आपल्याकडचे मुख्याध्यापक जरा कान देतात.

१९. मी शिक्षिका आहे. आमच्या वर्गात अशी एक मुलगी आहे असं मला वाटतं, तिने सांगितलेलं नाही. मी काय करू?

तिला बोलवून विचारू नका. नोटीस बदला. "निरोप समारंभासाठी साडी, सलवार-कुर्ता, कुर्ता-पायजमा किंवा फॉर्मल शर्ट-पँट यांपैकी काहीही चालेल. फेटा ऐच्छिक." यात मुले-मुली शब्दच नाहीत आणि 'ट्रान्स' हाही नाही, त्यामुळे कुणाकडे बोट जात नाही. ग्रुप फोटोला मुली पुढे-मुलं मागे न करता उंचीप्रमाणे उभं करा, फोटोही बरा येतो. आणि दारात स्वागताला मुलींना गजरा, मुलांना गुलाब असं असतं ना, ते दोन्ही एकाच ताटात ठेवा आणि ताट पुढे करा, ज्याला जे हवं ते तो उचलेल.